'राखीव' : एका विशेषणाचा अर्थ, उगम आणि भंडारा जिल्ह्यातील वापर

प्रस्तावना

इंग्रजीतील 'रिझर्व्ड' हे विशेषण भंडारा जिल्ह्यातील सामान्य माणसास अपरिचित नाही. वरठी येथील भंडारा रोड स्थानकावर ते डब्याला लागते, साकोली-लाखनीकडील वनखात्याच्या फलकावर जंगलाला लागते, ग्रामपंचायतीच्या सोडतीत सरपंचपदाला लागते आणि महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात विद्यार्थ्याला लागते. मराठीत त्याचा पर्याय म्हणून 'राखीव' हा शब्द इतका रुळला आहे की तो मुळात भाषांतरित शब्द आहे, याचेही स्मरण राहत नाही. एखादे विशेषण इतके सवयीचे झाले, की त्याच्या पोटात काय दडले आहे हे पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी होते. 'राखीव' या शब्दाच्या बाबतीत मात्र ही गरज आहे. कारण गेल्या सुमारे दीडशे वर्षांत या एका विशेषणाने या जिल्ह्यातील माणसांचे सरपण, चराई, मतपत्रिका आणि नोकरी या चारही गोष्टींवर परिणाम केला आहे. आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ एकच राहिलेला नाही.

व्युत्पत्ती आणि अर्थछटा

'रिझर्व्ह' हे क्रियापद लॅटिनमधील 'रेझेर्व्हारे' या शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आले. 'रे' म्हणजे मागे आणि 'सेर्व्हारे' म्हणजे राखणे, जपणे. मागे राखून ठेवणे, आज न वापरता पुढच्या वेळेसाठी बाजूला ठेवणे, हा त्याचा मूळ अर्थ होय. 'कन्झर्व्ह', 'प्रिझर्व्ह' आणि 'ऑब्झर्व्ह' ही त्याच कुळातील भावंडे. जंगलखात्यातील 'कॉन्झर्व्हेटर' म्हणजे वनसंरक्षक हाही त्याच घरचा. जलाशयास इंग्रजीत 'रिझर्व्हॉयर' म्हणतात, तो शब्द फ्रेंचमधून आला असला तरी धातू तोच. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे. मालगुजारी काळात कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि गावोगावच्या बोड्या हे पावसाचे पाणी मागे राखून ठेवण्याचेच काम करीत आले. त्यासाठी लॅटिन धातूची गरज कोणास पडली नाही.

सतराव्या शतकाच्या आरंभी 'रिझर्व्ड' हे विशेषण माणसाच्या स्वभावालाही लागू लागले. मनातले चटकन उघड न करणारा, मोजके बोलणारा, असा तो अर्थ. मराठीत अशा माणसास अबोल, मितभाषी किंवा जरा टोचून सांगायचे तर आतल्या गाठीचा म्हणतात; 'राखीव स्वभावाचा' असे कोणी म्हणत नाही. तरीही मराठीने ही छटा वेगळ्या वाटेने आधीच कमावलेली होती. 'हातचे राखून बोलणे' या वाक्प्रचारात इंग्रजी विशेषणाचा हा सगळा अर्थ सामावतो. आकडेमोडीतील हातचा राखावा तसे काहीतरी स्वतःजवळ ठेवून बोलणे, ही प्रतिमा परभाषेतून आलेली नाही.

'राखीव' हा शब्द 'राखणे' या धातूला 'ईव' हा प्रत्यय लागून झालेला आहे. कोरणे-कोरीव, रेखणे-रेखीव, आखणे-आखीव, पाळणे-पाळीव ही त्याच घडणीची उदाहरणे. हा प्रत्यय क्रिया घडून गेल्यावर वस्तूत टिकून राहिलेला परिणाम दाखवितो. शब्द अविकारी असल्याने राखीव जागा, राखीव डबा, राखीव जंगल असा लिंगवचनाचा कोणताही भेद न पाळता तो चालतो, आणि कार्यालयीन भाषेत त्याला जी लोकप्रियता लाभली, तिचे एक कारण ही सोय असावी. 'राखणे' हा धातू संस्कृत 'रक्ष्' पासून आला. लॅटिन 'सेर्व्हारे'शी त्याचे मूळ जुळत नाही. पण अर्थाच्या दृष्टीने दोघांची गाठ फार सहज पडली. एकच फरक राहिला, आणि तो लहान नाही. 'राखणे' या क्रियेत राखणारा दिसतो. शेताची राखण करणारा राखणदार असतो; झाडीबोलीतही 'राखन' म्हटले की बांधीच्या धुऱ्यावर बसलेला कोणी तरी माणूस डोळ्यांपुढे येतो. 'राखीव' या विशेषणात मात्र तो माणूस नाहीसा होतो. वस्तू राखली गेली आहे एवढेच कळते. कोणी राखली, कोणापासून राखली आणि कोणासाठी राखली, हे तीन प्रश्न विशेषण अनुत्तरित ठेवते. पुढील विवेचनाचा रोख या तीन प्रश्नांवर आहे.

राखीव जंगल

राज्यसंस्थेने एखादी जमीन स्वतःसाठी राखून ठेवणे ही गोष्ट इंग्रजी अमदानीतच सुरू झाली असे नाही. मराठेशाहीत सरकारी घोड्यांसाठी आणि गुरांसाठी गवत राखलेल्या जमिनीस कुरण म्हणत, आणि कुरणात परक्याची गुरे शिरल्यास दंड होई. पण ते राखणे गवतापुरते आणि ठरावीक तुकड्यापुरते होते. संपूर्ण जंगल ही वर्गवारीची बाब झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

मध्य प्रांताची स्थापना १८६१ साली झाली आणि भंडारा हा त्यातील एक जिल्हा ठरला. जमीनबंदोबस्तात मालगुजारांना गावाचे मालक म्हणून मान्यता मिळाली. त्यांच्याकडील जंगल ते मालगुजारी जंगल आणि उरलेले विस्तीर्ण रान ते सरकारी जंगल, अशी फाळणी झाली. १८६५ च्या पहिल्या वनकायद्यात सरकारचे अधिकार अद्याप ढोबळ होते. १८७८ च्या कायद्याने जंगलाचे तीन वर्ग केले : राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. या कायद्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्यांमध्येच मोठा वाद झाला होता. गावकऱ्यांचा वापर हा हक्क नसून केवळ सरकारने आजवर चालवून घेतलेली सवलत आहे, अशी बेडन-पॉवेल यांची भूमिका होती; रूढ वापरालाही हक्काचे स्थान द्यावे आणि राखीव जंगल मर्यादित ठेवावे, असा ब्रँडिस यांचा कल होता. कायद्यावर ठसा उमटला तो प्रामुख्याने पहिल्या विचाराचा. १९२७ चा भारतीय वन अधिनियम हा त्याच आराखड्याची सुधारित आवृत्ती असून तो आजही लागू आहे.

राखीव आणि संरक्षित या दोन विशेषणांतील अंतर बोलीभाषेत जाणवत नाही. राखलेले ते रक्षिलेले, असेच कोणालाही वाटेल. कायद्याच्या भाषेत मात्र ही दोन उलट टोके आहेत. संरक्षित जंगलात जे मना केलेले नाही ते करता येते. राखीव जंगलात ज्याला परवानगी नाही ते सर्व गुन्हा ठरते. अधिनियमाच्या २६ व्या कलमात गुरे चारणे, लाकूड तोडणे, पाला झोडपणे, आग पेटविणे, शिकार करणे अशी कृत्यांची मालिकाच आहे. मोहफुलाच्या दिवसांत झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा स्वच्छ करणारी बाई, सरपणाची मोळी आणणारी म्हातारी, बैलाच्या जुवासाठी फाटा तोडणारा शेतकरी हे सर्व या मालिकेत येतात.

याहून महत्त्वाची आहे ती जंगल राखीव होण्याची प्रक्रिया. चौथ्या कलमाखाली अधिसूचना निघते. त्यानंतर वन जमाबंदी अधिकारी उद्घोषणा करून किमान तीन महिन्यांच्या मुदतीत दावे मागवितो. ज्यांनी दावा सांगितला नाही त्यांचे हक्क नवव्या कलमान्वये नष्ट होतात आणि शेवटी विसाव्या कलमाखाली जंगल राखीव म्हणून घोषित होते. कागदावर ही पद्धत निर्दोष दिसते. परंतु ज्यांचा निस्तार पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला, ज्यांना अर्ज हा प्रकार माहीत नव्हता, त्यांच्या मौनाचा अर्थ कायद्याने हक्कत्याग असा लावला. ज्या विशेषणाचा एक अर्थ 'अबोल' असा आहे, त्याने अबोल राहिलेल्यांचे जंगल घ्यावे, हा शब्दांच्या इतिहासातील एक विचित्र प्रसंग म्हटला पाहिजे.

निस्तार हा शब्द या भागातील मराठीचा खास धन आहे. घरगुती गरजेपुरते जळण, काटेकुटे, बांबू, गवत, माती घेण्याचा तो व्यवहार. मालगुजारी गावांत त्याची नोंद वाजिब-उल-अर्जमध्ये असे. राखीव जंगलात तोच व्यवहार परवाना आणि शुल्क यांच्या आधीन झाला. गावकऱ्याच्या बाजूने पाहिल्यास वस्तू तीच, वाट तीच, कुऱ्हाडही तीच. बदलले ते फक्त जंगलाचे विशेषण. १९३० च्या सविनय कायदेभंगात मध्य प्रांत-वऱ्हाडात मिठाऐवजी गवत पुढे आले, याचे कारण येथे सापडते. समुद्र शेकडो मैल दूर असलेल्या प्रदेशात सरकारी मक्तेदारीचे रोजचे दर्शन मिठागरात नव्हे, तर राखीव जंगलात होत होते. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ गवत कापून जंगल सत्याग्रहाचा आरंभ केला.

येथे व्याकरणाची एक बाब पाहण्यासारखी आहे. 'राखीव जंगल' या शब्दसमूहात 'साठी' हे शब्दयोगी अव्यय कधीच येत नाही. जंगल कोणासाठी राखीव, हे वाक्यात सांगितलेच जात नाही. तो सरकारचा अध्याहृत अधिकार असतो. गावकऱ्यांनी स्वतःची भाषा वापरून ही जागा भरून काढली. राखीव, संरक्षित असला कोणताही भेद न करता ते त्याला 'सरकारी जंगल' म्हणत राहिले. कायद्याच्या शब्दापेक्षा हा शब्द अधिक प्रामाणिक होता.

राखीव जागा

याच जिल्ह्यात हेच विशेषण विसाव्या शतकात अगदी वेगळ्या बाजूने आले. १९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा आणि मद्रास इलाख्यात ब्राह्मणेतरांसाठी २८ जागा राखून ठेवण्यात आल्या. विभक्त मतदारसंघ आणि राखीव जागा यांतील फरक तेव्हापासून राजकीय चर्चेत आला. विभक्त मतदारसंघात मतदारही त्याच समाजाचे असतात. राखीव जागेवर उमेदवार त्या समाजाचा असतो, पण मतदार सर्व. म्हणजे 'राखीव' हे विशेषण येथे खुर्चीला लागते, मताला नाही.

ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने दलित वर्गाला विभक्त मतदारसंघ दिला होता. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने तो गेला आणि त्याऐवजी संयुक्त मतदारसंघातील १४८ राखीव जागा आल्या. त्यांपैकी २० मध्य प्रांताच्या वाट्याच्या होत्या. संख्या दुपटीहून अधिक झाली, परंतु प्रतिनिधी निवडण्याची अंतिम शक्ती बहुसंख्य समाजाच्या हाती गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विभक्त मतदारसंघाची मागणी पुन्हा मांडली, त्यामागे हेच दुखणे होते. संविधानाने ती मान्य केली नाही. अनुच्छेद ३३० आणि ३३२ अन्वये राखीव जागा आल्या, त्याही आरंभी दहा वर्षांच्या मुदतीने. ही मुदत वेळोवेळी वाढत जाऊन २०१९ च्या १०४ व्या घटनादुरुस्तीने ती २०३० पर्यंत गेली आहे.

राखीव जागा नेमकी कशी चालते याचा सर्वांत तीव्र अनुभव भंडाऱ्याने मे १९५४ मध्ये घेतला. पहिल्या लोकसभेत ८६ मतदारसंघ द्विसदस्यीय होते. अशा मतदारसंघातून एक सर्वसाधारण आणि एक राखीव असे दोन सदस्य निवडले जात, प्रत्येक मतदाराला दोन मते असत, मात्र दोन्ही मते एकाच उमेदवारास देता येत नसत. भंडारा हा असाच मतदारसंघ होता. १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून पराभूत झालेले डॉ. आंबेडकर भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर उभे राहिले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. निकालात मेहता विजयी झाले; डॉ. आंबेडकर मात्र काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून आठ हजारांहून काही अधिक मतांनी पराभूत झाले. आपल्या मतदारांनी दुसरे मत कोणालाच न देता 'कुजवावे', अशी सूचना कार्यकर्त्यांनी केली असता संविधानाच्या शिल्पकाराने ती नाकारली, अशी आठवण आंबेडकरी चळवळीत सांगितली जाते.

या निकालाकडे केवळ एका नेत्याचा पराभव म्हणून पाहणे अपुरे ठरेल. ज्यांच्यासाठी जागा राखीव होती, त्यांचा देशातील सर्वांत मोठा प्रतिनिधी त्या जागेवर निवडून येऊ शकला नाही, कारण ती 'त्यांच्यासाठी' राखीव असली तरी 'त्यांच्याकडून' भरली जाणार नव्हती. पुणे कराराच्या वेळी जी शंका तत्त्व म्हणून मांडली गेली होती, तिला बावीस वर्षांनी वैनगंगेच्या काठी आकड्यांचे रूप आले. पुढे १९५५ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने विधिमंडळांतील राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला. राखीव जागांचा पुरस्कर्ता तो हाच पक्ष, असे समजणाऱ्यांना हा ठराव आजही बुचकळ्यात टाकतो. भंडाऱ्याचा निकाल समोर ठेवल्यास त्यात बुचकळ्यात पडण्यासारखे फारसे काही उरत नाही.

द्विसदस्यीय मतदारसंघाने या विशेषणाची दुसरी बाजूही उजेडात आणली. १९५७ मध्ये आंध्रातील पार्वतीपुरम येथे दोन्ही जागांवर अनुसूचित जमातीचेच उमेदवार निवडून आले आणि व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. राखीव जागेसाठी उभा राहिलेला उमेदवार सर्वसाधारण जागेवर निवडून येऊ शकतो काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९५९ मध्ये न्यायालयाने तो येऊ शकतो असा निर्णय दिला. राखीव जागा हे किमान प्रमाण आहे, कुंपण नव्हे, हा त्याचा मथितार्थ. थोड्याच काळात, १९६१ च्या कायद्याने, द्विसदस्यीय मतदारसंघच रद्द झाले. तेव्हापासून संपूर्ण मतदारसंघ राखीव किंवा संपूर्ण मतदारसंघ सर्वसाधारण अशी विभागणी आली. २००८ च्या पुनर्रचनेपासून भंडारा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. भंडारा-गोंदिया हा लोकसभा मतदारसंघ मात्र सर्वसाधारण आहे.

राखीव जंगल आणि राखीव जागा यांची तुलना केल्यास दिसते ती गोष्ट अशी : पहिल्यात लोकांपासून राखणे आहे, दुसऱ्यात लोकांसाठी राखणे आहे. 'राखीव जागा' या शब्दसमूहाला 'साठी' लागतेच. ते नसेल तर वाक्य पुरे होत नाही. एकाच जिल्ह्यात, कित्येकदा एकाच कुटुंबात, हे विशेषण एका हाताने घेत होते आणि दुसऱ्या हाताने देत होते.

गुराखी आणि गोवारी

हे दोन्ही हात एकाच समाजाच्या बाबतीत कसे चालले, याचे उदाहरण गोवारी समाजात मिळते. गावाची गुरे राखणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. दिवाळीतील गायगोधनाचा मान त्याचाच. मराठीतील 'गुराखी' या शब्दात 'राखणे' हाच धातू दडलेला आहे. ज्यांच्या व्यवसायाच्या नावातच राखण आहे, त्यांची गुरे राखीव जंगलाने प्रथम अडविली, कारण २६ व्या कलमातील मनाईत चराईचा अंतर्भाव आहे. चराईचे रान आटले आणि गाव-गुराख्याचा धंदाही हळूहळू मोडला. पुढे त्याच समाजाने राखीव जागांमध्ये आपला वाटा मागितला, तेव्हा प्रश्न एका स्वल्पविरामावर येऊन ठेपला. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड जमातीच्या नोंदीखाली 'गोंड गोवारी' असा उल्लेख आहे. हे एक नाव समजावयाचे, की 'गोंड' आणि 'गोवारी' यांमधील स्वल्पविराम गळाला असे समजावयाचे, असा तो वाद होता.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या अधिवेशनकाळात नागपुरात निघालेल्या गोवारी मोर्चात लाठीमार आणि चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा मृत्यू झाला. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती, आणि विदर्भातील अनेक गावांतून ती माणसे आलेली होती. १९९५ मध्ये शासनाने गोवारी समाजाचा समावेश २ टक्के आरक्षण असलेल्या विशेष मागास प्रवर्गात केला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींना अनुसूचित जमातीचे लाभ देय असल्याचा निर्णय दिला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. राष्ट्रपतींच्या आदेशातील यादी न्यायालयाने जशी आहे तशी वाचावयाची असते, तीत भर घालता येत नाही, हे सूत्र त्यामागे होते. कायद्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष समजण्याजोगा आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र यादीत शब्द कसे लिहिले गेले आणि ते लिहिणाऱ्याच्या मनात काय होते, हा प्रश्न न्यायनिर्णयाने मिटत नाही. तो अभ्यासकांकडे उरतोच.

जागेकडून माणसाकडे

संविधानाच्या मराठी पाठात 'जागा राखून ठेवणे', 'पदे राखून ठेवणे' अशी क्रियापदाची योजना आहे. व्यवहारात तिचे विशेषण झाले आणि विशेषणाने हळूच आपले विशेष्य बदलले. राखीव होते ते पद. बोलण्यात 'राखीव उमेदवार', 'राखीवमधला मुलगा' असे शब्दप्रयोग रूढ झाले. पद भरले गेले की त्याचे राखीवपण संपावयास हवे, पण ते त्या पदावर बसलेल्या माणसाला चिकटून राहते. वर्गात, शिक्षकखोलीत किंवा बदलीच्या चर्चेत हा शब्द ज्या सुरात उच्चारला जातो, तो सूर कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाही. अधिनियमाने लावलेले विशेषण अशा रीतीने अवहेलनेचे साधन बनते. शासकीय जाहिरातीत त्याच्या विरुद्ध 'अराखीव' हा घडीव शब्द येतो. बोलण्यात त्याची जागा 'खुला' हा शब्द घेतो, आणि 'खुला' म्हटले की मोकळेपणाची, निर्धास्तपणाची छटा आपोआप येते. शब्दांची ही जोडी तटस्थ नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांना या विशेषणाचा सर्वाधिक परिचय होतो तो बिंदुनामावलीत. राखीव हा गुण एका पदाचा, की पदसमूहाचा, असा एक व्याकरणवजा प्रश्न येथे उभा राहतो. विभागात एकच पद असेल तर ते राखीव ठेवता येत नाही, कारण तसे केल्यास ते शंभर टक्के राखीव होते, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये घेतली. मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विभाग हे एकक धरण्याचा आदेश काढला, तेव्हा राखीव पदांची संख्या देशभर एकदम घटण्याची चिन्हे दिसू लागली; २०१९ च्या केंद्रीय कायद्याने केंद्रीय शिक्षणसंस्थांसाठी संपूर्ण संस्था हे एकक पुन्हा निश्चित केले. एकक बदलताच विशेषण कोठे लागू होते आणि कोठे नाही, हे सारेच बदलते. ही बाब केवळ तांत्रिक म्हणून सोडून देता येणारी नाही.

अन्य उपयोग थोडक्यात पाहता येतील. 'राखीव', 'आरक्षित' आणि 'रिझर्व्ह' या तीन शब्दांनी मराठीत आपापली क्षेत्रे वाटून घेतली आहेत. रेल्वेत हिंदीच्या सहवासाने 'आरक्षण' आणि 'अनारक्षित' रूढ झाले. तुमसरच्या उत्तरेस राज्याची सीमा ओलांडून बालाघाट जिल्ह्यात शिरले की तेच जंगल 'आरक्षित वन' होते. १९५६ पर्यंत दोन्ही बाजू एकाच प्रांतात होत्या, हे लक्षात घेतले तर हा भेद किती अलीकडचा आहे हे कळते. नगररचनेत भूखंडावर 'आरक्षण पडते', जणू ते आभाळातून पडावे तसे. आणि जमीनमालकाची भावनाही बहुधा तशीच असते. न्यायालय निकाल राखून ठेवते. राज्य राखीव पोलीस दल आहे, पण रिझर्व्ह बँकेचे १९३५ पासून आजवर कोणी राखीव बँक केले नाही. संस्थेच्या राखीव निधीला मात्र मराठीने 'गंगाजळी' हा देखणा शब्द दिला. व्याघ्र संवर्धनाच्या क्षेत्राला इंग्रजीत 'रिझर्व्ह' म्हणतात, पण २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिऱ्याला लोक 'व्याघ्र प्रकल्प' म्हणूनच ओळखतात. तेथे राखीवपणाचा उल्लेख टळतो. निर्बंध टळत नाहीत.

झुडपी जंगल

राखीवही नाही आणि मोकळेही नाही, अशा जमिनीचा प्रश्न या जिल्ह्याने सर्वांत अधिक काळ वागविला. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली आणि मालगुजारांकडील पडीक व झुडपांची जमीन शासनाकडे आली. महसुली दप्तरात तिची नोंद 'झुडपी जंगल' अशी झाली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. नोंदीतील 'जंगल' हा शब्द वनकायद्याच्या अर्थाने लिहिलेला नव्हता. झुडपे वाढलेले, शेतीस निरुपयोगी रान, एवढेच त्यातून सांगावयाचे होते. याच जमिनीवर गुरे बसली, स्मशाने झाली, शाळा उभ्या राहिल्या, घरकुले बांधली गेली. १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि १२ डिसेंबर १९९६ चा गोदावर्मन प्रकरणातील आदेश यांनंतर मात्र दप्तरातील त्या एका शब्दाला कायद्याचे वजन आले. शब्दकोशातील अर्थाने जे जंगल आणि शासकीय नोंदीत जे जंगल, ते सर्व वन मानावे, असे त्या आदेशाचे सांगणे होते. ज्या कारकुनाने कधी काळी बोलीतला साधा शब्द नोंदवहीत लिहिला, त्याला पुढच्या पिढ्यांच्या घरांचे भवितव्य त्यात लिहिले जात आहे याची कल्पना असणे शक्य नव्हते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीच्या व्याख्येत राखीव, संरक्षित, अवर्गीकृत, अभयारण्य अशा सर्व प्रकारांचा अंतर्भाव केला आणि हक्क मागताना जंगलाचे विशेषण काय आहे हे पाहण्याची गरज निदान त्या कायद्यापुरती उरली नाही. झुडपी जंगलाचा निर्णय त्यानंतरही बरीच वर्षे रखडला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीन असल्याचे ठरविले. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांसाठी शासनाने केंद्राची मान्यता घ्यावी असा मार्ग दिला. आणि तीन हेक्टरांहून लहान व कोणत्याही वनास लागून नसलेले विखुरलेले तुकडे १९२७ च्या अधिनियमाच्या २९ व्या कलमाखाली घोषित करावेत असे सांगितले. २९ वे कलम संरक्षित वनाचे आहे, राखीव वनाचे नव्हे. साकोली, लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातील ज्या गावकऱ्याचे घर अशा तुकड्यालगत आहे, त्याच्या निस्ताराचे काय होणार हे आता या दोन विशेषणांतील अंतरावर अवलंबून आहे.